प्रवाळांच्या कपारीतील मोरे ईल

बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द यांच्या मधून वाहणारी प्रवरा सह्याद्रीत, रतनगडाच्या परिसरात, म्हणजे पश्चिम समुद्रापासून फारशी दूर नसलेल्या जागी उगम पावते. तरीही त्या समुद्राकडे पाठ फिरवून ती प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते आणि तिच्यासवे बंगालच्या उपसागराची वाट धरते. त्यामुळे प्रवरेकाठच्या आमच्या मुलखातील माणसाला सर्पाकृती माशाचा परिचय होतो तो बाजारात येणाऱ्या वामीमुळे. पाठीवर सुट्या काट्यांची रांग मिरविणारी ही नदीतील वाम शास्त्रीय वर्गीकरणात मात्र खऱ्या ईल माशांच्या गणात मोडत नाही. त्या गणातील, प्रवाळांच्या आश्रयाने राहणारा मोरे ईल पाहावयाचा, तर आपल्या राज्यात मालवणचा किनारा गाठणे श्रेयस्कर.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतातील हा सागरी इलाखा 1987 साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळा सरून पाणी निवळले, की तेथे आणि शेजारच्या तारकर्लीस हौशी पाणबुड्यांची वर्दळ सुरू होते.

खडकाच्या एखाद्या काळोख्या फटीतून अकस्मात एक जाड, खवलेविरहित, बुळबुळीत मस्तक बाहेर आलेले दिसते. बारीक डोळे रोखलेले, तीक्ष्ण दातांनी भरलेला जबडा सारखा उघडतो नि मिटतो, आणि नवखा पाणबुड्या समजतो की हे जनावर आता आपल्यावर झेप घेणार. वस्तुतः त्या वेळी तो मासा केवळ श्वास घेत असतो. इतर माशांप्रमाणे त्याच्या कल्ल्यांवर रुंद झाकण नसते, मस्तकामागे दोन्ही बाजूंस एकेक लहानसे छिद्र तेवढे असते; म्हणून कल्ल्यांवरून पाणी खेळते राहावे यासाठी त्याला तोंडाची ही उघडझाप अखंड करावी लागते. ज्या हालचालीवरून आपण त्याला क्रूर ठरविले, ती त्याच्या जगण्याची निकड आहे, आणि या निरुपद्रवी कृतीपायी त्याची झालेली बदनामी मला अन्यायाची वाटते.

त्याचे खरे नवल घशात दडलेले आहे. बहुतेक मासे तोंड झटकन फाकून पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आत ओढतात; अरुंद बिळात राहणाऱ्या मोरेला ते साधत नाही. 2007 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत रिटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी दाखवून दिले, की पुढच्या दातांनी भक्ष्य धरताच घशातील दुसरा जबडा, विहिरीत पडलेली बादली काढण्यासाठी सोडलेल्या गळासारखा, पुढे सरसावतो, भक्ष्यात रुततो आणि त्याला अन्ननलिकेकडे खेचून नेतो.

लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळभित्तींवरही आढळणारा महाकाय मोरे 3 मीटरपर्यंत वाढतो. तांबड्या समुद्रात त्याचे निरीक्षण करून रेडुआन बशारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली जो दाखला प्रसिद्ध केला, तो तर विलक्षण आहे. तेथील एका जातीचा हेकरू मासा मोरेच्या बिळासमोर येऊन डोके जलद हलवितो, जणू शिकारीचे आमंत्रणच देतो, आणि मग दोघे जोडीने निघतात. मोरे कपारीत शिरतो, हेकरू बाहेर उघड्या पाण्यात दबा धरतो, त्यामुळे भक्ष्याला आतही थारा नाही आणि बाहेरही नाही.

मोरेची नजर अधू, घ्राणशक्ती मात्र तीव्र. हाताने खाऊ घालणाऱ्याची बोटे आणि बोटांतील मांस यांतला भेद त्याला नीट उमगत नाही, आणि आत वळलेल्या दातांच्या पकडीतून हात हिसकून घेऊ गेल्यास जखम अधिकच खोल होते. माणसाला त्याचे दंश होतात ते बहुधा अशा खाऊ घालण्यातून किंवा बिळात हात घातल्याने. तेव्हा हिवाळ्यात मालवणास जाणाऱ्या वाचकांनी कपारीत हात घालू नये, माशांना काही चारू नये, प्रवाळांचा आधार घेऊन उभे राहू नये आणि मोरे दिसलाच, तर चार हात अंतर राखून त्याला मनसोक्त पाहावे, एवढी विनंती.