सहा माणसं, सहा तिकिटं

रेल्वे महाग झाली, असं सांगलीत कुणी म्हणालं की शेजारचा लगेच बोटांवर हिशेब मांडतो. साताऱ्याहून पुण्याला स्लीपरने दीडशे रुपयांच्या आसपास. एवढ्यात आता हॉटेलात दोघांचा नाश्ताही होत नाही. मग महाग कुठे? दोघंही खरंच बोलत असतात. पहिल्याच्या डोळ्यांसमोर सगळं घर असतं आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर एकटा माणूस.

एकट्याने खांद्याला पिशवी लावून निघणाऱ्याला भारतीय रेल्वे आजही स्वस्तच पडते. त्यानेच बायको, शाळेतली दोन पोरं आणि आई-वडील बरोबर घेऊन तिरुपती किंवा शेगाव करायचं ठरवलं, की खिडकीवरचा आकडा ऐकून तो मागे सरकतो. भाड्याचा दर दोघांना एकच असतो. फरक पडतो तो माणसं मोजण्याच्या रीतीने, आणि ही रीत गेल्या दहा वर्षांत दोनदा बदलली.

आरक्षणाचा अर्ज हातात घेऊन पाहिला की हे लक्षात येतं. एका अर्जावर सहा प्रवासी मावतात. प्रत्येकाचं नाव, लिंग, वय. खाली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी जागा, कारण त्यांना तिकीट नाही. म्हणजे वय रेल्वे आजही विचारते. आजोबांचं वय 66 लिहिलं तर जमल्यास खालचा बर्थ मिळतो. पैशात मात्र त्या आकड्याची किंमत शून्य. 20 मार्च 2020 पर्यंत तशी नव्हती. साठीपुढच्या पुरुषांना मूळ भाड्यात 40 टक्के आणि 58 वर्षांपुढच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. कोरोना आला, विनाकारण प्रवास टाळावा म्हणून सवलत थांबवली. कोरोना गेला, गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत काही परतली नाही. या बंद सवलतीमुळे 28 फेब्रुवारी 2025 पर्यंतच्या पाच वर्षांत रेल्वेच्या तिजोरीत 8,913 कोटी रुपये जास्तीचे जमा झाले, हे माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं.

पोरांचं त्याआधीच झालं होतं. 21 एप्रिल 2016 पर्यंत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात स्वतःचा बर्थ मिळायचा. त्या दिवसापासून नियम आला, की बर्थ हवा तर पूर्ण तिकीट. अर्धंच काढायचं असेल तर पोराला आईबापाच्या बर्थवर कोंबा. अकरा वर्षांचा दणकट मुलगा आणि त्याची आई एका बर्थवर रात्र कशी काढणार, याचं उत्तर नियमात नाही. चेअर कारमध्ये तर तोही पर्याय नाही. सीट न घेता अर्ध्या तिकिटावर बसण्याची सोय तिथे ठेवलेलीच नाही, त्यामुळे सहा वर्षांच्या पोरालाही मोठ्या माणसाचं भाडं. या एका बदलातून रेल्वेला सात वर्षांत 2,800 कोटींहून अधिक जास्तीचे मिळाले. त्यातले 560 कोटी एकट्या 2022-23 सालातले.

आता घरचा हिशेब करू. नवरा, बायको, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, 66 वर्षांचे आजोबा आणि 62 वर्षांची आजी. 2016 च्या आधीच्या नियमाने नवरा-बायकोची दोन पूर्ण तिकिटं, मुलांचं मिळून एक, आजोबांचं 0.6, आजीचं अर्धं. एकूण 4.1 तिकिटं. आज सहाच्या सहा. मधल्या काळात रेल्वेने एक पैसाही भाडं वाढवलं नसतं, तरी या घराचं मूळ भाडं सुमारे 46 टक्क्यांनी वाढलंच असतं. गंमत अशी, की सवलत परत का देत नाही असं संसदेत विचारलं की रेल्वे मंत्रालयाचं उत्तर ठरलेलं: आम्ही आधीच प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सवलत देतो, खर्च 100 रुपये होतो तिथे 54 घेतो. दोन्ही 46 चा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आजी-आजोबांना घेऊन निघालेल्या माणसाला ते टोचतात.

उघड भाडेवाढ त्या मानाने किरकोळ आहे. 2025 सालात ती दोनदा झाली. 1 जुलैला मेल-एक्स्प्रेसच्या बिगर-एसी डब्यांना किलोमीटरमागे एक पैसा आणि एसीला दोन पैसे. मग 26 डिसेंबरला दोन्हींना आणखी दोन-दोन पैसे. 500 किलोमीटरच्या स्लीपर प्रवासाला दोन्ही वाढी मिळून 15 रुपये होतात. वर्तमानपत्रांत मथळे याच वाढीचे झाले, कारण भाडेवाढीची घोषणा होते. थांबलेली सवलत परत न देण्याची घोषणा कुणी करत नाही.

या भागातल्या माणसाला रेल्वेचा हा हिशेब जास्त खटकतो, कारण त्याच्यासमोर एसटी उभी असते. मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. वरचंच कुटुंब स्वारगेटच्या गाडीत बसवलं, तर एकट्या नवऱ्याचं पूर्ण तिकीट आणि बाकी पाच जणांची अर्धी. साडेतीन तिकिटं झाली. आजोबा पंचाहत्तर ओलांडलेले असतील तर तीनच. जानेवारी 2025 मध्ये एसटीची भाडी जवळपास 15 टक्क्यांनी वाढली, तरी घर मोजण्याची ही रीत तशीच राहिली. अर्थात एसटीची ही माया राज्याच्या हद्दीपर्यंतच. बेळगावच्या पुढे देवदर्शन करायचं तर शेवटी मिरज जंक्शनच गाठावं लागतं.

पुण्याच्या प्रवासात साताऱ्याची आणखी एक वेगळी अडचण आहे, आणि ती फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. रेल्वे प्रत्येक वर्गासाठी किमान अंतर धरते. स्लीपरला 200 किलोमीटर, थ्री टायर एसीला 300. त्याहून जवळ गेलात तरी पैसे तेवढ्याचे. सातारा ते पुणे लोहमार्गाने सुमारे 145 किलोमीटर, सांगली ते पुणे सुमारे 272. दोन्ही तीनशेच्या आत. त्यामुळे थ्री एसीचं तिकीट दोन्हीकडून सारखंच, पाचशेच्या थोडं वर. निम्म्या अंतरात उतरणारा सातारकर सांगलीकराएवढेच पैसे मोजतो. बरं, हे 145 किलोमीटरही लोहमार्गाने आदर्कीकडून वळसा घालत जाणारे. महामार्गाने पुणे 110 किलोमीटरवर आहे आणि एसटी रेल्वेच्या आधी पोहोचते. त्यात सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीकडे. सहा माणसं आणि बोचकी घेऊन तिथवर जायला एक रिक्षा पुरत नाही. पहाटेची गाडी असेल तर रिक्षावाला सांगेल ती रक्कम. हा खर्च तिकिटावर छापलेला नसतो, म्हणून तो रेल्वेच्या हिशेबात कुणी धरत नाही.

सुट्टीत सोडल्या जाणाऱ्या विशेष गाड्यांचा हिशेब आणखी वेगळा. क्रमांक शून्याने सुरू झाला की सावध व्हावं. विशेष भाड्याच्या गाडीत मूळ भाडं तर जास्त असतंच, शिवाय स्लीपरलाही किमान 500 किलोमीटरचे पैसे लागतात. कोरोनात बंद झालेली सह्याद्री एक्स्प्रेस नोव्हेंबर 2023 मध्ये परत आली, तीसुद्धा असाच शून्याचा क्रमांक घेऊन, आणि मुंबईपर्यंत न जाता पुण्यातच थांबणारी. मुंबईला जायला रात्रीची महालक्ष्मी आणि दिवसाची कोयना या हक्काच्या गाड्या उरल्या. या दोन्ही सुपरफास्ट नाहीत, हा त्यातल्या त्यात फायदा. 12 ने सुरू होणाऱ्या गोवा एक्स्प्रेससारख्या गाडीत स्लीपरला माणशी 30 आणि एसीला 45 रुपये जादा आकार पडतो.

तत्काळमध्ये तर घर मोडतंच. एका तत्काळ तिकिटावर चारच नावं चालतात. सहा जणांचं घर म्हणजे दोन तिकिटं. सकाळी दहा-अकराच्या त्या धावपळीत पहिलं निघतं, दुसरं काढेपर्यंत वेटिंग सुरू. मग आजी-आजोबा एकीकडे आणि पोरं दुसरीकडे. स्लीपरचं तत्काळ माणशी 100 ते 200 रुपयांनी महाग, थ्री एसीचं 300 ते 400 रुपयांनी. आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत नाही. एकटा माणूस हा जुगार खेळतो. घरातल्या एकाला ताप आला म्हणून सगळे थांबणार असतील, तर सहापट रक्कम बुडते.

म्हणूनच जत्रा, लग्न, देवदर्शन म्हटलं की आपल्याकडे क्रूझर ठरते. तिचं भाडं किलोमीटरवर, डोक्यावर नाही. दहावं माणूस चढलं तरी बिल तेवढंच राहतं, उलट वाटणी हलकी होते. स्वतःची चारचाकी असणाऱ्यांसाठी तर 15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास आला. सुरुवातीला 3,000 रुपयांत 200 फेऱ्या होत्या, म्हणजे आनेवाडी किंवा खेड शिवापूरचा नाका एका वेळी 15 रुपयांत. एकीकडे सरकार गाडीवाल्याला घाऊक सूट देतं आणि दुसरीकडे स्लीपरमधल्या म्हातारीला किरकोळ सूटही नाकारतं. हे दोन निर्णय वेगवेगळ्या मंत्रालयांत झाले, हे मान्य. पण ते घडतात एकाच घराच्या खिशात.

या सगळ्याचा खरा भार कुणावर पडतो, हे पाहायचं तर विटा, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यात यायला हवं. इथल्या कोरडवाहू गावांतून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक आज देशभर पसरलेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा त्यांचा धंदा तमिळनाडू, केरळपासून दिल्ली, उत्तर प्रदेशापर्यंत आहे. पोरं तिकडच्या शाळेत शिकतात, घरात दोन भाषा बोलल्या जातात, पण गावच्या जत्रेला आणि दिवाळीला यायचंच. त्यांच्या दृष्टीने ही सहल नसते. पालखीला खांदा द्यायचा असतो, शेताची वाटणी व्हायची असते, मुलीचं स्थळ पाहायचं असतं. दीड-दोन हजार किलोमीटरवरून चारचाकी आणणं परवडत नाही आणि विमानाने सगळं घर आणायचं तर दुकान गहाण टाकावं लागेल. रेल्वेला पर्यायच नाही. पूर्वी अशी घरं स्लीपरने यायची. आता अनेक गाड्यांत स्लीपरचे डबे कमी झाले आणि थ्री एसीचे वाढले. ज्यांना एसी नको होता, त्यांनाही जागा मिळते म्हणून एसीचं तिकीट काढावं लागतं. त्यावर पाच टक्के जीएसटी, स्लीपरच्या 20 ऐवजी 40 रुपये आरक्षण शुल्क, आणि हे सगळं गुणिले सहा. मोठ्या आकड्यातला पुष्कळसा भाग या गुणाकाराचा असतो.

रेल्वेची बाजूही ऐकायला हवी. प्रवासी वाहतुकीत तिला तोटा होतो आणि मालवाहतूक तो भरून काढते, हे खोटं नाही. तिकिटावरही ते बरीच वर्षं छापलेलं असायचं, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच वसूल होतात. पण तो तोटा भरून काढायला सगळ्यात आधी आजी आणि नातवंड सापडावेत, हे मला पटत नाही. स्लीपर आणि थ्री एसीत तरी ज्येष्ठांच्या सवलतीचा विचार करावा, अशी शिफारस संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने केलेली आहे. पहिल्या वर्गाने जाणाऱ्या धनिकाला सवलत कशाला, हा आक्षेप त्यातच निकालात निघतो. मुलांच्या अर्ध्या तिकिटाबाबत तर एवढीही शिफारस ऐकू येत नाही. पोरांना मत नसतं.

तोवर घरं आपापल्या वाटा काढतात. लांबच्या प्रवासात रेल्वेचा दर अंतरागणिक उतरत जातो, दुप्पट अंतराला दुप्पट पैसे पडत नाहीत. म्हणून जाणती माणसं तुकड्या-तुकड्यांत तिकीट काढत नाहीत, सबंध प्रवासाचं एकच काढतात. मिरजेचा कोटा संपला तर तिरुपतीच्या हरिप्रिया एक्स्प्रेसचं तिकीट कोल्हापुरापासून काढायचं आणि चढण्याचं ठिकाण मिरज टाकायचं. लांबच्या भाड्यात थोडीच भर पडते आणि बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वंदे भारतमध्ये बसायचंच असेल, तर आरक्षण करताना जेवण नको म्हणून सांगता येतं. सहा जणांच्या जेवणाचे पैसे वाचतात आणि धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी घरून नेली तर कुणाची तक्रार नसते. राज्यातल्या राज्यात फिरायचं तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास 1988 पासून आहे, चार किंवा सात दिवसांचा, मुलांना निम्म्या दरात.

अडचण उरते ती तारखांची. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला खिडकीवर उभं राहायला हवं. त्या वेळी शाळेचं वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक बहुधा लागलेलं नसतं.