जुनी गाडी चालता चालता बंद पडते? दोष इंजिनाचा नसून पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचा असू शकतो!

उन्हाळा आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘गाडीची टाकी फुल करू नका, अर्धीच भरा, नाहीतर उष्णतेने स्फोट होईल!’ मेसेजखाली नाव इंडियन ऑइलचं. कंपनीने ही निव्वळ अफवा असल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. गाडी बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला उन्हाळा असो वा हिवाळा, काहीच हरकत नाही, असं तिचं स्पष्टीकरण आहे. तरी मेसेज काही थांबत नाही.

पण या अफवेच्या निमित्ताने एक चांगला प्रश्न समोर येतो. उन्हात तापलेल्या टाकीत वाफ तयार होते, हे तर खरंच आहे. मग ती जाते कुठे? आणि पेट्रोल संपत जातं तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत काय येतं?

या दोन प्रश्नांच्या उत्तरात जुन्या गाड्यांची बरीच ‘नाटकं’ दडलेली आहेत.

टाकी म्हणजे बंद डबा नव्हे

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल ‘गुडगुड’ करत, अडखळत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते, कारण बाहेर गेलेल्या तेलाची जागा घ्यायला हवेला वाट मिळते.

गाडीच्या टाकीचंही तसंच. इंजिनाने एक लिटर पेट्रोल ओढलं की टाकीत एक लिटर हवा यावी लागते. उलट, ऊन तापलं की पेट्रोल फुगतं आणि त्याची वाफही होते. ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर ते साधारण पाऊण लिटरने वाढतं. म्हणून टाकी भरली तरी वर थोडी जागा मोकळी राहील अशीच तिची रचना असते. वाफेला मात्र बाहेरची वाट लागते.

जुन्या गाड्यांमध्ये ही ये-जा झाकणातल्या बारीक छिद्रातून किंवा टाकीला जोडलेल्या एका बारीक नळीतून व्हायची. पुढे झाकणातच छोटे व्हॉल्व्ह आले. थोडक्यात, टाकी श्वास घेते, आणि तिचं नाक बहुतेक वेळा झाकणातच असतं.

नाक बंद झालं की…

धूळ, गंज किंवा पॉलिशचा थर बसून ते छिद्र बुजतं. किंवा मूळ झाकण हरवतं आणि बाजारातून ‘बसतंय ना, मग झालं’ म्हणून दुसरं आणलं जातं. ते नेमकं बिनछिद्राचं निघतं.

मग काय होतं? गाडी मस्त सुरू होते, १५-२० मिनिटं छान पळते. तोपर्यंत टाकीतल्या हवेचा दाब कमी कमी होत गेलेला असतो. पंपाला पेट्रोल ओढणं जड जातं. गाडी हिसके देते आणि बंद पडते. थोडा वेळ उभी ठेवली की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू होते! मेकॅनिककडे नेईपर्यंत ती ठणठणीत झालेली असते. मग पंप बदला, कार्ब्युरेटर साफ करा, कॉइल बदला असं चक्र सुरू होतं आणि खिसा हलका होत राहतो.

हा दाब लहान वाटतो, पण तसा नाही. ६० बाय ४० सेंटीमीटरच्या पत्र्यावर आतला दाब बाहेरपेक्षा फक्त पाच टक्क्यांनी कमी झाला, तरी त्या पत्र्यावर सुमारे १२० किलोचा भार येतो. म्हणूनच नाक बंद झालेल्या टाक्या कधी कधी आत चेपलेल्या सापडतात.

घाटातलं ओलं फडकं

आता दुसरा प्रकार. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली फियाट आणि फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकणारा ड्रायव्हर, हे दृश्य जुन्या लोकांना चांगलंच आठवत असेल. ती अंधश्रद्धा नव्हती!

पेट्रोल एकाच तापमानाला उकळत नाही. त्याचे हलके घटक ३५-४० अंशांनाच वाफ व्हायला लागतात. पूर्वी कुर्ल्यात तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घ्या. टाकी मागे, पंप पुढे इंजिनालाच चिकटलेला. तो पेट्रोल मागून ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब घटतो आणि दाब घटला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. त्यात घाट, पहिला गिअर आणि रटरटतं इंजिन. नळीत पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे भरतात आणि पंप नुसतीच वाफ दाबत बसतो. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. ओल्या फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी निघते.

नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पंप थेट टाकीत गेला. तो पेट्रोल ओढत नाही, दाबाने पुढे ढकलतो. म्हणून हा त्रास जवळजवळ संपला.

मग आपल्या गाडीला नक्की काय झालंय?

दोन्ही प्रकारांत गाडी बंद पडते आणि विश्रांतीनंतर सुरू होते, म्हणून गोंधळ होतो. फरक असा ओळखा:

* थंडीच्या सकाळीही गाडी ठरावीक अंतरानंतर बंद पडते आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज येऊन लगेच सुरू होते? संशय झाकणावर घ्या.
* फक्त उन्हात, घाटात किंवा ट्रॅफिकमध्येच बंद पडते आणि झाकण उघडून काही फरक पडत नाही? व्हेपर लॉक असू शकतो.

झाकण उघडायचं ते गाडी बंद करून, हळूच, आणि आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना हे पाहून.

‘राउंड फिगर कर रे!’

आता बाहेर जाणाऱ्या वाफेकडे वळू. पूर्वी ती सरळ हवेत सोडली जायची. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून यावर बंधन आणलं आणि गाड्यांत कोळशाचा एक डबा आला, ज्याला ‘कॅनिस्टर’ म्हणतात. टाकीची वाफ त्यातल्या कोळशात शोषली जाते आणि इंजिन सुरू असताना ओढून जाळली जाते.

हा कोळसा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. पंपावर नोझल ‘टक’ करून आपोआप थांबतं, तरी आपण राउंड फिगरसाठी आणखी थोडं भरायला लावतो. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये शिरून तो कायमचा बाद करू शकतं. कॅनिस्टर नसलेल्या जुन्या गाडीत तेच पेट्रोल उन्हात किंवा उतारावर जमिनीवर ठिबकतं.

खरा धोका कुठे आहे?

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. टाकीच्या आत तिचं प्रमाण सहसा याहून कितीतरी जास्त असतं, म्हणून आत पेटायला पुरेशी हवाच नसते. धोका आहे तो बाहेर, जिथे गळलेली वाफ हवेत मिसळून विरळ होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती उडून जात नाही, तर बंद गॅरेजच्या जमिनीवर साचून राहते. तिथे स्विचची एक ठिणगीही पुरते.

त्यामुळे ‘जुनी गाडी आहे, वास यायचाच’ असं म्हणून सोडून देऊ नका. टाकीच्या तोंडाजवळचा रबरी पाइप, झाकणाचं वायसर आणि वाफेची नळी वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

नवं झाकण घेताना ते आपल्याच मॉडेलचं आहे ना, हे पाहा. आणि झाकणाला खिळ्याने भोक पाडण्याचा ‘जुगाड’ तर करूच नका. त्यातून हवा आत जाईल, पण वळणावर पेट्रोल बाहेर सांडेल आणि पावसाचं पाणी टाकीत शिरेल.

पुढच्या वेळी जुनी गाडी रस्त्यात रुसली, तर पंप बदलायला सांगण्याआधी एकदा झाकण उघडून कान द्या. आणि तो ‘अर्धीच टाकी भरा’वाला मेसेज आला, तर पुढे पाठवू नका!