जुनी वस्तू, नवे गिऱ्हाईक आणि टपालाचा हिशेब

वाचकहो, पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात अथवा दिल्लीच्या रविवारच्या पुस्तकबाजारात आपण कधी फेरफटका मारला असेल, तर एक अनुभव आपणांस खचित आला असेल. ढिगाऱ्यातून एखादी वस्तू हाती लागते आणि मनात येते, की पारख असलेला मनुष्य हिला चौपट मोल देईल! पूर्वी असा मनुष्य शोधणे दुरापास्त होते. आज तो नागपुरात असो वा गुवाहाटीत, इंटरनेटमुळे त्याच्यापर्यंत घरबसल्या पोचता येते. १९९५ साली पियरे ओमिद्यार यांनी अमेरिकेत, पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्ध झालेली विक्रीपेठ सुरू केली. तीवर आरंभी विकला गेला तो एक मोडका लेसर पॉइंटर, आणि त्यासही १४.८३ डॉलर मिळाले!

परंतु गिऱ्हाईक मिळणे म्हणजे नफा मिळणे नव्हे. समजा, आपण एक जुनी पितळी समई ६०० रुपयांस घेतली व ९०० रुपयांस विकली. वरवर पाहता ३०० रुपये सुटले. आता खर्च मांडू. विक्रीपेठेचे कमिशन शेकडा १० धरले तर ९० रुपये, खोके व वेष्टन ४० रुपये आणि तीन किलोच्या पार्सलाची रवानगी २०० रुपये. एकूण ३३० रुपये गेले; म्हणजे पदरचे ३० रुपये घालून आपण समई दुसऱ्यास दिली! संसारातून काटकसरीने वाचविलेला पैसा अशा रीतीने नकळत झिजतो. म्हणून भाव ठरविण्याचे काम विकताना नव्हे, तर विकत घेतानाच करावे. घरी वजनकाटा असावा, आणि वस्तूचे वजन किती भरेल याचा अदमास बाजारातच घ्यावा.

वजनाइतकेच महत्त्व आकारमानास आहे. अनेक कुरियर कंपन्या पार्सलाची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा व प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक, त्यावर दर आकारला जातो. एक किलोची कापडी बाहुली ४०, ३० व ३० सेंटिमीटरांच्या खोक्यात घातली, तर तिचे वजन ७.२ किलो धरले जाईल. तीच ३०, २० व १५ सेंटिमीटरांच्या खोक्यात मावली, तर अवघे १.८ किलो! योग्य मापाचे खोके निवडणे हीदेखील कमाईच होय.

नवशिक्याने पुस्तकांपासून आरंभ करावा हे उत्तम. ती फुटत नाहीत व खोक्यात नीट बसतात. १ मे २०२५ पासून भारतीय टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. आरंभी तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर, असा ठरला. नियतकालिकांस ही सवलत नाही. चालू दर व नियम जवळच्या टपाल कचेरीत विचारून घ्यावेत.

परत येणाऱ्या मालाचाही विचार हवा. गिऱ्हाइकाने वस्तू नाकारली, तर जाण्याचा व येण्याचा असा दुहेरी खर्च पुष्कळदा विक्रेत्याच्या माथी बसतो. यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे सचोटी. टवका उडाला असेल, पान फाटले असेल, तर ते छायाचित्रात स्पष्ट दाखवावे व वर्णनातही लिहावे. दोष आधी सांगणारा विक्रेता गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रे इत्यादी, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविण्याची तर मनाईच आहे.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या खेपेस जुन्या बाजारात जाल तेव्हा पिशवीबरोबर एक लहानशी वही न्या. खरेदी, वेष्टन, रवानगी व कमिशन असे चार रकाने तीत आखा. चारही रकाने भरून झाल्यावर जे उरेल, तेवढेच आपले. ते पुरेसे वाटले तरच दुकानदाराच्या हाती पैसे ठेवा!