जामसरचा मुलगा आणि दहावीनंतरचा निर्णय

दहावी-बारावीचा निकाल लागला की 'पुढे काय?' या विषयावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरतात. मुलाचा कल पाहा, आवड ओळखा, त्याला मोकळेपणाने निवडू द्या, असा उपदेश त्यांत असतो. ज्या घरात पुढच्या वर्षाच्या पोटाची सोय झालेली आहे, त्या घरासाठी हा उपदेश ठीक आहे. मी जव्हार-मोखाड्याच्या मुलांना शिकवतो. माझ्याही घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून हा निर्णय आपल्या मुलांच्या बाबतीत प्रत्यक्षात कोण घेतो, हे चळवळीतल्या माणसांनी एकदा नीट तपासावे असे मला वाटते.

जामसर हे जव्हार तालुक्यातले गाव. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतले. या भागात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची वस्ती आहे. पावसाळी भात, नागली, वरई यांवर वर्ष निघत नाही. दिवाळी झाली की माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात. पुष्कळांनी आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परतता येत नाही. १९४५ साली वारल्यांनी ठाणे जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्या वेठीचे पाहुणेरावळे अजून या उचलीच्या रूपाने घरात येतातच.

मार्चमध्ये मुलगा आश्रमशाळेत परीक्षा देतो, तेव्हा आईबाप भट्टीवर असतात. परीक्षा संपली की तोही तिकडे जातो. निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू होते, आणि त्याच आठवड्यांत पाऊस पडून आवणी येते. घरात हात कमी असतात. मग निर्णय मुलगा घेतो असे कसे म्हणावे? उचल, आवणी आणि अर्जाची शेवटची तारीख या तिघी मिळून तो घेतात. त्याला आपण 'मुलाला शिक्षणाची गोडी नाही' असे नाव देऊन मोकळे होतो!

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे घरची ओढाताण झाली, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांची गोष्ट सयाजीराव महाराजांपर्यंत नेली आणि बडोद्याच्या महिना २५ रुपयांवर त्यांचे कॉलेज चालू राहिले. त्या बुद्धीलाही महिन्याचा खर्च आणि दार दाखवणारा माणूस लागला. हे त्यांनी ओळखले होते. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ च्या सुमारास, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती आदिवासींनाही लागू झाली. निवडीचे स्वातंत्र्य घटनेत लिहून भागत नाही, त्यामागे शिधा उभा करावा लागतो, हा त्यातला विचार आहे.

आता वाटा पाहू. जव्हारला कॉलेज आहे, आयटीआय आहे. दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा; तो पुरा करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. म्हणजे आयटीआय हा शिक्षणाचा शेवट नव्हे, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. बारावीनंतर एएनएम, जीएनएम, डी.एल.एड. या वाटा आहेत. १९९२-९३ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले मेली. जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे आईची बोली समजणारी नर्स असणे म्हणजे काय, हे त्या मृत्यूंनंतर वेगळे सांगायला नको.

पण प्रत्येक वाटेवर कागद आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी व्हॅलिडिटी लागते आणि आदिवासी कुटुंबाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याला मोठे वजन. पण आजोबांनी शाळाच पाहिलेली नसते! ज्याच्या घराला शिक्षण नाकारले गेले, त्याच्याकडेच शाळेचा दाखला मागायचा, असा हा न्याय आहे. अशा वेळी जमिनीच्या जुन्या नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा उतारा शोधावा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल, तर ती मोठा आधार ठरते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी २०१६ पासून स्वयम योजना आहे; तिची रक्कम हप्त्याने खात्यात येते, खोलीचे भाडे मात्र पहिल्याच दिवशी द्यावे लागते.

नोकरीच्या आशेचेही तसेच. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे स्थानिक आदिवासींतून भरायचे ठरले. २०२० साली आंध्रातल्या शिक्षकांच्या अशाच शंभर टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्राची अधिसूचनाही न्यायालयात गेली, भरती अडकली आणि २०२४ साली पात्र तरुणांना त्यासाठी आंदोलन करावे लागले. हा हक्क लढूनच मिळवावा लागेल. पण लढा चालू असताना मुलाच्या हातात दुसरे कौशल्यही असले पाहिजे.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. निकालाच्या दिवशी मार्गदर्शनाची सभा भरवून फारसे साधत नाही. नववीतच, दिवाळीपूर्वी, कुटुंब भट्टीवर जाण्याच्या आधी जातीचा दाखला, जुने पुरावे आणि बँकेचे खाते यांचे काम उरकावे. जून-जुलैत मुलासोबत जव्हारच्या कचेरीत आणि प्रवेशाच्या रांगेत उभा राहील असा एक माणूस प्रत्येक पाड्यासाठी ठरवावा. पहिला हप्ता येईपर्यंतचे भाडे आणि एसटीचे पैसे उसने देणारा छोटा निधी गावात उभारावा. मुलींच्या बाबतीत हे सारे दुप्पट लवकर करावे. कारण त्यांच्याबाबत उचल आणि आवणी यांच्या जोडीला लग्नाची बोलणीही निर्णय घ्यायला बसलेली असतात.

एवढे झाले की मग त्या मुलाला खुशाल विचारावे, 'तुला काय व्हायचे आहे?' तोवर हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.