घरी मारुती ८०० चं इंजिन बांधताना नेमकं कुठे चुकतं?

यूट्यूबवर ‘इंजिन ओव्हरहॉल’ टाकलं की पंधरा-वीस मिनिटांत अख्खं इंजिन खोलून, धुऊन, परत जोडून दाखवणारे ढीगभर व्हिडिओ सापडतात. बघून वाटतं, पाने हातात असले की झालं. खोलणं खरंच अवघड नाही, जोडणंही फार अवघड नाही. पण या दोन्हींच्या मध्ये मोजमापाचं काम असतं. ते दिसायला कंटाळवाणं, म्हणून व्हिडिओतून कापलेलं असतं. घरी बांधलेलं इंजिन महिनाभरात धूर मारायला लागतं ते बहुतेक वेळा या कापलेल्या भागामुळेच.

माझा आतेभाऊ धुळ्यात देवपूरला राहतो. त्याच्याकडे कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० आहे. त्याने आणि त्याच्या मित्राने घराच्या अंगणात तिचं इंजिन बांधलं आणि काही दिवसांतच ते परत खोलावं लागलं. दुसऱ्या वेळी मी जळगावहून मदतीला गेलो. दोनदा का खोलावं लागलं, त्यातच या कामातलं बहुतेक शिकण्यासारखं आहे.

शिकायला ही गाडी झकास. पहिली मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत हरपाल सिंग यांना मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि कार्ब्युरेटर मॉडेलमध्ये सेन्सरची भानगड नाही. सिलिंडरचा बोर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: ३.१४१६ भागिले ४, गुणिले ६८.५ चा वर्ग, गुणिले ७२, गुणिले ३. घन मिलिमीटरचे सीसी करायला १००० ने भागा, ७९६ येतात. आरसी बुकात हाच आकडा असतो.

एक सावधगिरी मात्र आधीच घ्या. ‘मारुती ८००’ या एकाच नावाखाली कार्ब्युरेटर, एमपीएफआय, सहा व्हॉल्व, बारा व्हॉल्व असे वेगवेगळे प्रकार आले. दुसऱ्याच प्रकारच्या इंजिनाचा व्हिडिओ बघून त्यातला टॉर्कचा आकडा आपल्या बोल्टला लावला तर बोल्ट तुटतो, नाहीतर गॅस्केट गळतं. आकडे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

इंजिन खोलण्याआधी कारण शोधा

धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हा रस्ता मे महिन्यात दुपारी कसा तापतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको. आतेभावाची गाडी एरंडोलच्या पुढे उकळली. त्याआधी एका गॅरेजमध्ये हेड गॅस्केट बदललेलं होतंच, तरी परत गेलं. गॅस्केट वर्षभरात दोनदा जात असेल तर दोष गॅस्केटचा नसतो, हे इथे धरूनच चालायचं.

ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. समजा हेड ३०० मिमी लांब आहे आणि इंजिन नेहमीपेक्षा ५० अंश जास्त तापलं. मग हेड ब्लॉकपेक्षा जवळजवळ ०.१८ मिमी जास्त पसरू बघतं. बोल्टनी मात्र ते जखडलेलं असतं, त्यामुळे ते वाकतं. गार झाल्यावरही थोडा बाक राहतो, आणि अशा हेडवर नवं गॅस्केट टाकलं की ते पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत बसतं. हे तपासायला हेडवर सरळ स्टीलची पट्टी उभी धरायची आणि खाली फीलर गेजची पाती सरकवून बघायची. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत. छोट्या इंजिनांमध्ये साधारण ०.०५ मिमीपर्यंतच माफी असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला हे दिसणार नाही. आतेभावाच्या हेडखाली ०.१० ची पाती आरामात गेली. आधीच्या दुरुस्तीत कोणी पट्टी लावून बघितलंच नव्हतं. लेथवाल्याकडे फेसिंग करून घेतल्यावर हेड सपाट झालं.

पण हेड तापलं कशामुळे? रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते घरातल्या गिझरच्या कॉइलवरून कळतं. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि नळ्या अर्ध्या बुजतात. शिवाय थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट लागत नाही’ हा सल्ला खानदेशात सर्रास मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. तापलेल्या इंजिनात चांगला थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडाच असतो, म्हणजे काढून उन्हाळ्यात फायदा नाही. हिवाळ्यात सकाळी मात्र इंजिन बराच वेळ थंड चालतं, पेट्रोल नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि झीज वाढते.

रेडिएटरची कॅप हीही स्वस्तात तपासता येणारी वस्तू. बऱ्याच कॅपवर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढा दाब ती धरून ठेवते. त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळतं. कॅपचं रबर गेलं की हा फायदा गेला. तापलेल्या गाडीची कॅप उघडून बघू नका, भाजाल.

एकच टेस्ट, दोन उत्तरं

कॉम्प्रेशन गेज हे डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं आहे. सगळे प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वाढला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. वाढला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता मोठी.

पहिल्यांदा दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर कमी होते आणि ऑइल टाकून फरक पडला नाही. म्हणजे गॅस्केट. रेडिएटर साफ झाला, हेड सपाट झालं. इथेच थांबायला हवं होतं. पण ‘खोललंच आहे तर रिंगाही टाकून घेऊ’ म्हणून जुन्या बोरमध्ये नव्या रिंगा पडल्या. काही दिवसांनी फोन आला, “भो, आते गरम नही व्हस, पन धूर मारस!” निळा धूर. परत तीच टेस्ट केली, आता ऑइल टाकल्यावर तिन्ही आकडे वाढले. उत्तर रिंगा.

बोर मोजायला π पुरतो

सिलिंडर सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथपर्यंत येते त्याच्या थोडं खाली झीज सगळ्यात जास्त असते, आणि अगदी वरच्या काठाला रिंग पोचतच नसल्याने तो भाग जवळपास मूळ मापाचा राहतो. नख फिरवलं तर तिथे कड लागते. आतेभावाने नव्या रिंगेच्या तोंडातली फट मोजली होती, पण ती या वरच्या काठाला. ०.२५ मिमी आली, अगदी योग्य. दुसऱ्यांदा आम्ही तीच रिंग उलट्या पिस्टनने सरळ ढकलून दोन बोटं खाली नेली. फट ०.६० मिमी.

आता गणित. रिंग म्हणजे वर्तुळ. बोरचा व्यास वाढला की परिघ त्याच्या ३.१४ पट वाढतो आणि तो सगळा वाढीव परिघ फटीत दिसतो. ०.६० वजा ०.२५ म्हणजे ०.३५, भागिले ३.१४, म्हणजे बोर सुमारे ०.११ मिमी झिजलेला. महागडा बोअर गेज नसताना, फीलर गेज आणि एका रिंगेने ही झीज घरी मोजता येते. एवढंच की बोर लंबगोल झालाय का ते यात कळत नाही, त्यासाठी लेथवाल्याचा डायल गेज लागतो.

आणि मुळात फट ठेवायचीच कशाला? रिंगेचा परिघ साधारण २१५ मिमी. ती सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंश जास्त तापली तर जवळजवळ ०.२४ मिमी लांबते. फट नसेल तर टोकाला टोक भिडतं आणि रिंग अडकते किंवा तुटते.

०.११ झीज म्हणजे नुसत्या रिंगांचं काम नाही. ब्लॉक गाडीत घालून जळगावला आणला. लेथवाल्या आबांनी मोजून पहिलं वाक्य हेच म्हटलं, “पिस्टन आणलेत का? पिस्टन आणा, मग बोर मारू.” ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ आणि ०.५० अशा मापांत मिळतात. आधी बोर मारून मग पिस्टन शोधायला निघालं की मापाचा पिस्टन मिळेपर्यंत ब्लॉक पडून राहतो, आणि मिळालेला पिस्टन केसभर वेगळा निघाला तर खेळच संपला. एक सिलिंडर जास्त लंबगोल निघाल्याने ०.५० ठरलं, अर्थात तिन्हींना. बोर ६९ मिमी झाला. मघाचं गणित परत केलंत तर इंजिन आता जवळपास ८०८ सीसीचं आहे, पण त्याने पिकअप वाढेल अशी आशा नको.

बोरिंगनंतर होनिंग होतं. त्यात भिंतीवर एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे मुद्दाम पाडतात. ऑइल त्यांत धरून राहतं आणि नव्या रिंगा त्यावर बसतात. या ओरखड्यांत दगडाची भुकटीही अडकते. बहुतेक जण पेट्रोलने पुसून मोकळे होतात, पण पेट्रोल भुकटी बाहेर काढत नाही. गरम पाणी, साबणाची पावडर आणि ब्रश हेच खरं. नंतर लगेच कोरडं करून ऑइल लावायचं आणि पांढरं फडकं फिरवायचं. फडकं करडं निघतंय तोवर धुणं संपलेलं नाही. आम्ही प्रत्येक सिलिंडर चार वेळा धुतला.

फोन इथे कामाला येतो

पाना लावायच्या आधी प्रत्येक बाजूचा फोटो. टायमिंग बेल्ट काढण्याआधी दोन्ही पुलींच्या खुणांचा जवळून फोटो. बोल्ट जाड पुठ्ठ्यात, ज्या जागेचे त्या जागी खोचायचे. कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगच्या कॅपची अदलाबदल चालत नाही, त्यांचे नंबर आणि दिशा टिपून ठेवा. हात काळे असताना टाइप होत नाही, मग व्हॉइस नोट करा: “दोन नंबर, खाली, शून्य पॉइंट सहा.” पहिल्या जोडणीची अशी एकही नोंद नव्हती, त्यामुळे चूक शोधायला सगळं नव्याने मोजावं लागलं.

जोडताना रिंगेवर कोरलेलं अक्षर वरच्या बाजूला आणि तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत नकोत. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. बेल्ट बसवल्यावर स्टार्टरला हात लावण्याआधी क्रँक पान्याने हळू दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका.

इंजिन उतरवायला-चढवायला चेन ब्लॉक भाड्याने आणा, विटांवर गाडी ठेवून खाली शिरू नका. पहिल्यांदा सुरू करताना कॉइलची वायर सोडून स्टार्टर थोडा-थोडा मारा, ऑइलचा दिवा विझला की मगच स्पार्क द्या. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच. पहिलं ऑइल लवकर बदलायचं, त्यात नव्या रिंगांची झीज उतरलेली असते.

हे सगळं नको म्हणून भंगारातून तयार इंजिन आणायचा मोह होतो. धुळ्याची एमएच १८ असो की जळगावची एमएच १९, आरसीवर इंजिन नंबर असतो आणि तो ब्लॉकवर कोरलेला असतो. तोच ब्लॉक बोर मारून वापरला तर नंबर तोच राहतो. ब्लॉक बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते, आणि जुन्या गाडीचं आरसी नूतनीकरण करताना नंबर तपासला जातोच. भंगारवाल्याकडे त्या इंजिनाचे कागद नसतील तर ते तिथेच राहू द्या.