साखरेच्या बेटाचा हिशेब

१९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने मॉरिशसविषयी अहवाल लिहिला, तेव्हा त्याला या बेटाचे भवितव्य अंधकारमय दिसले होते. वाढती लोकसंख्या, एकच पीक आणि ते विकत घेणारी हजारो मैल दूरची बाजारपेठ. पुढे १९७७ मध्ये मीड यांना नोबेल मिळाले. भाकीत मात्र खोटे ठरले. ते का, याचा विचार दिल्लीने आणि साखर पिकवणाऱ्या आपल्या राज्यांनीही करावा असे मला वाटते.

सेवेत असताना निर्यात प्रोत्साहनाच्या कित्येक बैठकांना मी बसलो. चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरे : सवलत किती आणि किती वर्षे? ती संपल्यावर काय, असे मी एकदा विचारले, तेव्हा अपशकुन केल्यासारखे सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

मॉरिशसलाही सवलत मिळाली होती, आणि ती भरघोस. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले. बहुतेक वर्षी हा भाव जागतिक दराहून बराच चढा असे. त्या नफ्याचा काही भाग मळेवाल्यांनी कापडधंद्यात घातला. १९७० च्या कायद्याने निर्यातक्षेत्राची चौकट तयारच होती. कोट्यामुळे अडलेले हाँगकाँगचे कारखानदार आले आणि खेड्यापाड्यांतील स्त्रिया शिलाई यंत्रांवर बसल्या.

मग दोन्ही छत्रे जवळजवळ एकदमच मिटली. १ जानेवारी २००५ रोजी वस्त्रोद्योगातील कोटापद्धती संपली. त्याच वर्षी युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवण्याचे ठरवले आणि २००९ मध्ये हमीही गेली. मॉरिशसने गाळप मोजक्या कारखान्यांत एकवटले. आज तेथे तीनच उरले आहेत. स्वेच्छानिवृत्त कामगारांना रोख रकमेबरोबर जमिनीचा तुकडा मिळाला. चिपाडापासून वीज करून ती सार्वजनिक जाळ्यास विकण्याचे काम वाढवण्यात आले, आणि कच्च्या साखरेऐवजी शुद्ध पांढरी व खास प्रतीची तपकिरी साखर बाहेर जाऊ लागली. कापडधंद्यातील टिकलेल्यांनी साधे काम मादागास्करला हलवले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या यशकथेची दुसरी बाजूही दिसते. हाँगकाँगचे कारखानदार निघून गेले, तेव्हा चाळिशी उलटलेल्या शिवणकामगार स्त्रियांना दुसरे काम सहज मिळाले नाही. अनेक छोट्या ऊसकऱ्यांनी शेती सोडली. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तेथे नेलेल्यांचे वंशज त्यांत बहुसंख्य. काहींचे पूर्वज तर मराठी मुलखातून गेलेले.

आपली स्थिती निराळी आहे, हे उघडच आहे. आपल्याला प्रचंड देशांतर्गत बाजार आहे. त्यामुळे निर्णय लांबणीवर टाकता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या समितीने आपली साखर अनुदाने नियमबाह्य ठरवली, तेव्हा आपण अपील केले. त्याच वर्षी एप्रिलपासून भारत-मॉरिशस व्यापार करार लागू झाला होता. सवलतीच्या शुल्काने भारतात येऊ शकणाऱ्या त्यांच्या मालाच्या यादीत खास प्रतीची साखरही आहे.