धुरातला कार्बन पुन्हा इंधनात?

वसई : पाचूबंदरहून मासेमारीस निघणाऱ्या बोटीत एक लिटर डिझेल जळाले, की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या या वायूचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्याने पाण्याची आम्लता वाढते आणि कालवे-शिंपल्यांना कवच बांधणे जड जाते. कोळीवाड्याचा या वायूशी संबंध असा दुहेरी आहे.

हाच वायू पकडून त्याचे पुन्हा इंधन वा रसायन करता येईल का? तत्त्वतः येते. तो विरघळवलेल्या क्षारयुक्त पाण्यात धातूची पट्टी ऋण ध्रुवाला जोडून वीज सोडली, की पट्टीच्या पृष्ठभागावर त्याचे रूपांतर होते. ही पट्टी म्हणजेच विद्युत-उत्प्रेरक. मात्र काय तयार होणार, हे धातू ठरवतो. सोने-चांदीवर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि लगेच निसटतो. प्लॅटिनम त्याला इतके घट्ट धरते, की पुढची क्रिया खुंटते व पाण्यातून केवळ हायड्रोजन निघत राहतो. तांब्याची पकड या दोहोंच्या मधली. जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशियो होरी यांनी १९८५ पासून दाखवून दिले, की तांब्यावर मिथेन, इथिलीन, अल्कोहोलही मिळते.

तांब्याचा दोष असा, की ते एकावर थांबत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तांब्याच्या एकाच पट्टीवर १६ निरनिराळे पदार्थ नोंदवले. ते वेगळे करण्याचा खर्च कोण सोसणार? म्हणूनच तांब्याचे कण सूक्ष्म करणे, त्यात दुसरा धातू मिसळणे, पृष्ठभागाची ठेवण बदलणे असे प्रयत्न जगभर चालू आहेत. भारतात केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये कार्बन पकडून वापरण्याच्या संशोधनासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली. त्यांतील एक पवईच्या आयआयटीत, तर दुसरे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रात आहे.

खरी मेख विजेची आहे. कार्बन डायऑक्साइड ही एका अर्थी जळून उरलेली राखच. तिचे इंधन करायचे तर जळताना मिळाली त्याहून कमी ऊर्जा लागणे शक्य नाही. चांगला उत्प्रेरक वरचा अपव्यय वाचवतो, मूळ किंमत नाही. त्यामुळे पालघर जिल्ह्यातीलच डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणची, कोळशाची वीज यासाठी वापरली, तर जेवढा वायू वापरला जाईल त्याहून अधिक धुराड्यातून बाहेर पडेल. सौर वा पवनऊर्जा हाताशी असेल, तरच हा हिशेब जुळतो.